भावाचा चेहरा दिसतो त्याच्या आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या पानावर लिअम ओ'फ्लॅहर्टी यांच्या 'द स्नायपर' या कथेवरचं नमुना उत्तर आलं होतं. युद्धाबद्दलची सैनिकाची भावना कशी बदलत जाते, असा प्रश्न. आपण सख्ख्या भावालाच मारलं हे कळल्यावर त्याला पश्चात्ताप होतो आणि युद्धाचा तिटकारा येतो, असं उत्तर. माझ्या नातीने ते कापून वहीत डकवलं आहे. कथेत मात्र असं घडत नाही, म्हणून हे पत्र.

काळ १९२२ च्या जूनचा. इंग्रजांविरुद्ध एकत्र लढलेले आयरिश लोक १९२१ च्या तहावरून फुटले आणि डब्लिनच्या रस्त्यांवर एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. लेखक स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेला, १९१७ साली जखमी झालेला. ही यादवी पुरती मिटायच्या आतच, १९२३ मध्ये, त्याची कथा छापून आली. ती वाचताना लिहिणाऱ्याने बंदूक हाताळली आहे हे मला तरी पानोपानी जाणवलं.

डब्लिनमधल्या ओ'कॉनेल पुलाजवळच्या एका छपरावर कथेतला हा स्नायपर, म्हणजे लपून नेम धरणारा सैनिक, दबा धरून आहे. चेहरा कॉलेजातल्या मुलाचा, नजर मात्र मरण बघून सरावलेली. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून सँडविच अधाशासारखं संपवतो. सिगारेटचा मोह आवरत नाही, आणि काडी पेटल्याबरोबर समोरच्या छपरावरून गोळी येते. मग चिलखती गाडी येते. एक म्हातारी बोट दाखवून त्याची जागा सांगते. गाडीतल्या शिपायाला तो मारतो, पळणाऱ्या म्हातारीलाही मारतो. त्याच्या आत काहीच हलत नाही. नमुना उत्तरात त्या म्हातारीचा उल्लेखही नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढे त्याच्या हाताला गोळी लागते. एका हाताने आयोडिन ओतून, दातांनी गाठ मारून तो पट्टी बांधतो. मग बंदुकीच्या टोकावर टोपी ठेवून समोरच्याला फसवतो आणि पिस्तुलाने टिपतो. तो माणूस कठड्यावरून रस्त्यावर आदळतो, आणि बदल होतो तो इथे. याला दरदरून घाम फुटतो, दात कडाकडा वाजायला लागतात. तो युद्धाला शिव्या घालतो, स्वतःला घालतो, सगळ्यांना घालतो. या घटकेला मेलेला कोण हे त्याला ठाऊक नाही! एका अनोळखी शत्रूसाठी त्याचा जीव कासावीस झालेला आहे.

का झाला, तेही लेखकाने लिहिलं आहे: जखम, उपास आणि उन्हाळ्यातल्या लांबच लांब दिवसाची टेहळणी. मी पायदळात होतो, १९८७ मध्ये श्रीलंकेत. फायरिंग थांबल्यावर माझ्या सेक्शनमधल्या एका धट्ट्याकट्ट्या जवानाला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना, इतके हात थरथरत होते. फायरिंग चालू असताना तेच हात दगडासारखे स्थिर होते. अंगातली रग उतरली की माणूस जागा होतो, तो असा.

त्याच्या पुढचं पान तर शिकवताना गाळलंच जात असावं. संतापाने तो पिस्तूल आपटतो, ते उडतं, गोळी कानाजवळून जाते. त्या धक्क्याने तो भानावर येतो आणि चक्क हसतो. व्हिस्की पितो, पुन्हा धीट होतो. आलेला पश्चात्ताप पाच मिनिटांत गेलासुद्धा. मेलेल्याला बघायला तो खाली उतरतो तो कुतूहलाने: गडी नेमबाज पक्का होता, फाटाफूट होण्याआधी आपल्याच कंपनीत तर नव्हता? मशीनगनच्या माऱ्यातून धावत जाऊन तो प्रेत उलथं करतो. भावाचा चेहरा दिसतो आणि कथा संपते. त्याला काय वाटलं याबद्दल लेखकाने एक अक्षर लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्यावर सोडलं आहे, आणि नमुना उत्तराने ते वाचणाऱ्याकडून काढून घेतलं.

हे मी तळमळून लिहितो आहे, कारण आमचा दापोली तालुका पलटणींचा. कंपनी सरकारच्या काळात इथे छावणी होती, पेन्शनर शिपाई इथेच स्थायिक झाले. आजही पहाटे मुरुडच्या, कर्द्याच्या पुळणीवर सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं धावताना दिसतात. त्यातलीच काही ही कथा अभ्यासतात. समोर मेलेला आपला भाऊ निघाला तरच दुःख व्हावं, असं त्यांनी यातून उचललं तर? गोळी लागलेल्या त्या म्हातारीचं काय, गाडीतल्या शिपायाचं काय, हे प्रश्न मुलांना वर्गातच पडायला हवेत. पलटणीत गेल्यावर ते पडतात तेव्हा शेजारी बसून बोलणारं कोणी नसतं.

पुढच्या रविवारी त्या उत्तराची दुरुस्ती छापावी, आणि शेवटची दोन पानं मुलांना वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत अशी शिक्षकांना विनंती करावी.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी