गळणारं छत आणि खोडदची जाळी

कोथरूड, पुणे

प्रिय दत्ता,

गणपतीत तू म्हणालास, "माझ्या चौथीच्या वर्गाचं छत गळतंय आणि हे चंद्रावर पैसे उधळतायत." घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसलो. पण तेव्हापासून ते मनात घोळतंय.

छताबद्दल तुझं खरंच आहे. वर्गात बादली आणि मुलांची दप्तरं मांडीवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, लाज वाटते. पण ते छत उपग्रहामुळे गळत नाही रे. २०२४-२५ साठी अंतराळ विभागाला साधारण १३,००० कोटी ठेवले होते. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, पण केंद्राच्या शंभर रुपयांतले ते तीस पैसेही नाहीत. चांद्रयान-३ चे ६१५ कोटी वाचवले असते, तर ते तुझ्या शाळेपर्यंत पोचले असते असं तुला मनापासून वाटतं?

ओडिशाचं आठव. १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. बळी पन्नासच्या आत राहिले. निवारे बांधले, माणसं राबली, हे आहेच. पण वादळ समुद्रात असतानाच त्याच्यावर नजर होती ती वरून.

आणि ज्याचा असा उपयोग दाखवता येत नाही, तेही मला हवंय. गेल्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला गेलो होतो, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण बघायला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जवळून पाहिलं तर पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी. पलीकडचे ढग दिसतात. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी काटकसरीतून काढलेली ही वाट. तुझ्या वर्गातल्या पोरांएवढा एक मुलगा म्हणाला, "काका, हे तर गळेल!" समजावणारी मुलगी खाली बसून त्याला म्हणाली, "पाणी गळेल, पण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी या भोकांपेक्षा खूप लांब असतात, त्या नाही गळत." तो कितीतरी वेळ वर बघत होता. यात कुठल्या शेठजीला नफा नाही, म्हणून तर हे सरकारी पैशातूनच व्हायला हवं.

शनिवारी येतोय. छताचा अर्ज मी लिहून आणतो, तू फोटो काढून ठेव. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोघं जाऊ. आणि येत्या २८ फेब्रुवारीला तुझी चौथी खोडदला न्यायची. एसटीचं भाडं माझ्याकडे.

तुझा,
अविनाश