चिपवरचा ठिपका उजळतो तेव्हा नेमके काय मोजले जाते?

महोदय,

आपल्या विज्ञान पानावरचा डीएनए मायक्रोअ‍ॅरेवरील लेख वाचला. डीएनएच्या तुकड्यांचे ठिपके असलेल्या काचेच्या एका पट्टीवर, म्हणजेच चिपवर, हजारो जनुके एका रात्रीत तपासता येतात, हे त्यात बरोबर सांगितले आहे. मात्र ‘जनुक किती काम करते ते चिप थेट सांगते’ हे विधान तसेच सोडून देण्याजोगे नाही. नमुना घेतला त्या घडीला पेशींत त्या जनुकाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघणारी जनुकाची आरएनए प्रत) किती होता, याचा अंदाज चिप ठिपक्याच्या उजेडावरून देते, आणि तोही तुलनेनेच: या नमुन्यात त्या नमुन्यापेक्षा जास्त की कमी. एमआरएनए भरपूर असून प्रथिन तेवढे बनत नसेल, तर चिपला त्याचा पत्ता नसतो. एकाच पट्टीवर एका जनुकाचा ठिपका दुसऱ्यापेक्षा उजळ दिसला म्हणून त्याचा एमआरएनए जास्त, असेही म्हणता येत नाही. प्रत्येक प्रोबला, म्हणजे ठिपक्यातल्या डीएनए तुकड्याला, नमुना सारख्याच जोराने चिकटत नाही.

लेखात सारा भर चिपवर आहे. खरी मेख तिच्या आधी, आरएनए काढण्यात असते. ऊती शरीराबाहेर आली की पेशींतले एन्झाइम आरएनए कुरतडू लागतात. म्हणून नमुना लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवावा. द्रावण वापरायचे तर तुकडा एका बाजूने तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ हवा, नाहीतर ते आतवर मुरेपर्यंत मधला भाग खराब झालेला असतो. पुढे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो त्याचे) २ च्या आसपास आले की बरेच जण निर्धास्त होतात. त्यातून प्रथिनांची भेसळ कळते, आरएनए अखंड आहे की नाही ते कळत नाही. पार चुरा झालेल्या आरएनएचेही गुणोत्तर २ येऊ शकते. अखंडपणासाठी १ ते १० या मापावरचा आरआयएन आकडा पाहावा लागतो, आणि तो ७ च्या खाली असेल तर महागडी चिप वाया घालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. नेहमीच्या पद्धतीत एमआरएनएच्या शेपटाकडच्या टोकापासून प्रत काढायला सुरुवात होते. धागा मध्येच तुटला असेल तर प्रत तिथेच थांबते आणि शेपटापासून लांबच्या भागावर बेतलेले प्रोब अंधारे राहतात. रुग्णांचे नमुने उशिरा गोठवलेले आणि निरोगी व्यक्तींचे ताजे असतील, तर आजाराच्या नावाखाली आपण साठवणुकीतला फरक मोजत बसतो.

या प्रतीवरून टी७ पॉलिमरेझ एन्झाइम आरएनएच्या अनेक प्रती काढते आणि त्याच वेळी साय-३ हा हिरवा चमकणारा रंग त्यांत गुंफला जातो. आरएनएच्या दर मायक्रोग्रॅममागे निदान ६ पिकोमोल (रेणूंच्या संख्येचे एकक) रंग बसला पाहिजे. ६० अक्षरी प्रोबच्या प्रचलित पट्ट्यांसाठी या प्रती ६० अंशांवर ३० मिनिटे ठेवून त्यांचे तुकडे करतात आणि मग पट्टी व तिच्याखालची काच यांच्यामध्ये नमुना ठेवून आवळलेले चेंबर ६५ अंशांवर १७ तास, मिनिटाला १० फेऱ्यांनी फिरत राहते. पुस्तकात न सापडणारी गफलत इथे होते. नमुना खालच्या काचेवर सोडताना पिपेटचा दट्ट्या शेवटपर्यंत दाबू नये, त्यानेच फेस होतो. चेंबर आवळल्यावर ते उभे धरून फिरवावे. मोठा बुडबुडा काचेभर सरकत असेल तर काळजी नाही, ढवळण्याचे काम तोच करतो. एखादा जागचा हलत नसेल तर चेंबर टेबलावर हलके आपटून तो सोडवावा. नाहीतर तेवढ्या जागेतल्या ठिपक्यांना नमुना लागतच नाही आणि स्कॅनमध्ये तिथे काळा गोल दिसतो.

एकाच पट्टीवर दोन नमुने दोन रंगांत लावून तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक. साय-५ हा लाल रंग हवेतल्या ओझोनने विरतो, तोही धुतल्यानंतर पट्टी कोरडी होताना आणि स्कॅनरची वाट पाहताना. उन्हाळी दुपारी ओझोन वाढला की लाल ठिपके फिके पडतात आणि सगळी गुणोत्तरे हिरव्याकडे झुकतात. रंगांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा केला, तर रंगामुळे आलेला खोटा फरक उघडा पडतो.

स्कॅनरच्या १६ बिटी चित्रात सर्वांत मोठा आकडा ६५,५३५. ठिपका तिथे पोचला की खरा फरक दहापट असो वा वीसपट, तो प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसतो. अगदी मंद ठिपके पार्श्वभूमीत हरवतात. म्हणून महत्त्वाची जनुके आरटी-पीसीआरवर (एकेका जनुकाचा एमआरएनए मोजणारी पद्धत) पुन्हा तपासून घ्यावीत.

आता आकडेमोड. २०,००० जनुके तपासून प्रत्येकाला ०.०५ ची मर्यादा (योगायोगाला ५ टक्के मुभा) लावली, तर काहीही फरक नसताना सुमारे १,००० जनुके निव्वळ योगायोगाने ‘बदललेली’ निघतात. त्यावर बेंजामिनी-हॉचबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची १९९५ ची दुरुस्ती आहे आणि ती सर्रास वापरली जाते. पण रुग्णांचे सगळे नमुने सोमवारी आणि निरोगी सगळे मंगळवारी लावले असतील, तर वाराचा परिणाम आणि आजाराचा परिणाम वेगळा करणारे सॉफ्टवेअर कुठेच मिळणार नाही. दोन्ही गटांचे नमुने प्रत्येक दिवशी आणि प्रत्येक पट्टीवर मिसळून लावणे, एवढाच इलाज. एकाच रुग्णाचा आरएनए तीनदा चालवणे म्हणजे तीन रुग्ण नव्हेत, हेही सांगावे लागते! एक्सेलचा उपद्व्याप तर वेगळाच: सेप्ट२ या जनुकाचे नाव तो परस्पर २ सप्टेंबर करून टाकतो. अखेर २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलावी लागली; सेप्ट२ आता सेप्टिन२ आहे.

आरएनएची अक्षरे वाचून मोजणारे आरएनए सिक्वेन्सिंग आल्याने मायक्रोअ‍ॅरे मोडीत निघाल्याचा लेखाचा सूरही पटत नाही. ज्याचा प्रोब पट्टीवर नाही ते चिपला दिसत नाही, ही तिची मर्यादा खरीच. तरी ठरलेली जनुके ठरलेल्या रीतीने मोजायची असतील तेव्हा चिप उपयोगी पडते. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या ७० जनुकांच्या मॅमाप्रिंट चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००७ मध्ये मंजुरी दिली, ती मायक्रोअ‍ॅरेवरच.

आपल्या पानावर यापुढे ‘अमुक आजारात पाचशे जनुके बदलली’ अशी बातमी येईल, तेव्हा प्रत्येक गटात स्वतंत्र व्यक्ती किती होत्या आणि मूळ आकडे ‘जीईओ’सारख्या खुल्या संग्रहात कोणत्या क्रमांकाने ठेवले आहेत, एवढे जरूर छापावे. त्याला एक ओळ पुरते.

आपले,
मायक्रोअ‍ॅरे प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक