रात्री कान-नाक-घशाचा डॉक्टर शोधायचा कुठे?

महोदय,

पंढरपुरात माझे मेडिकल आहे. रात्री शटर अर्धे खाली ओढले की हमखास कुणीतरी येते. कानात किडा गेलाय, घोळणा फुटलाय, नाहीतर पोराने नाकात काहीतरी कोंबलंय. मागणी एकच, ‘थेंब द्या.’ यावर थेंब नसतात. आणि या वेळी कुठे जावे, हे मलाही सांगता येत नाही.

घोळण्याचे निभावून जाते. मान मागे टाकून कांदा हुंगवण्याऐवजी पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबला, तर बहुतेकांचे रक्त थांबते. पण खेळण्यातला बटण सेल? अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते, नाकात राहिला तर काही तासांत नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकते. ‘सकाळी ओपीडीत दाखवा’ इथे चालत नाही. श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा दुर्बिणीने काढणाराच लागतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून लोक आठवडा काढतात. दोष नसेचा असेल तर स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत, खरे तर शक्य तितक्या लवकर सुरू व्हायला हवे.

ग्रामीण रुग्णालयांसाठीच्या २०१२च्या राष्ट्रीय मानकांत सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग आणि बालरोगतज्ज्ञ होते. कान-नाक-घशाचा नव्हता. तो प्रत्येक तालुक्याला द्या, असे माझे म्हणणे नाही. मंजूर पदे भरताना काय होते ते आपण पाहतोच. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय इथून सुमारे ७० किलोमीटर. रात्री तान्ह्या पोराला घेऊन तिथवर जायचे, तर आधी तिथेच जायचे आहे हे कळायला हवे.

परिसरातल्या खासगी तज्ज्ञांच्या रात्रीच्या पाळ्या ठरवाव्यात. आज कोणाची पाळी, हे सरकारी रुग्णालयाच्या दारावर आणि प्रत्येक मेडिकलवर लावावे. १०८च्या कॉल सेंटरलाही यादी द्यावी, म्हणजे गाडी थेट योग्य दारात जाईल. आषाढीला लाखो वारकऱ्यांसाठी इथे चोवीस तास दवाखाने चालतात, तेव्हा प्रशासनाला ड्यूट्या लावता येत नाहीत असे नाही. रात्रीच्या कॉलचे मानधन मात्र सरकारने द्यावे. फुकटात जागरण करा, असे डॉक्टरांना सांगितले तर ही यादी महिनाभरही टिकणार नाही.

– एक औषधविक्रेता, पंढरपूर