काका, तुम्ही मला मत दिलं नाही

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला त्या रात्रीच हे पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळी लिहिल्या आणि रडू यायला लागलं, म्हणून ठेवून दिलं. सकाळी माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं सेंटर उघडायचं होतं, आणि सुजलेले डोळे घेऊन लोकांच्या केवायसी करत बसायची माझी तयारी नव्हती. आज रविवार आहे, लाईटही आहे. लिहून टाकते.

चारचौघांत का लिहितेय? तुमच्यासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि वाचनालयाच्या देवघेवीच्या रजिस्टरमध्ये डोकं घालता. इथं तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही. तुमचं नाव, वाचनालयाचं नाव लिहीत नाही. गंगाखेडच्या आसपासच्या लोकांना ते तसंही कळेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की ही नवोदितांची कथास्पर्धा होती. निवडलेल्या कथा दिवाळी अंकात छापायच्या, आणि वाचकांनी मोबाइल नंबर टाकून, आलेला ओटीपी भरून आवडलेल्या कथेला मत द्यायचं. परीक्षक नाहीत. वाचक म्हणतील ती कथा पहिली. त्या कथांमध्ये माझी एक होती. कापूस वेचून वेचून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे मशीनवर जिचा अंगठा लागत नाही आणि निराधारचे पैसे अडकलेत, अशा एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट. अशा बाया माझ्या काउंटरवर नेहमी येतात. कुणी ओल्या फडक्यानं बोट पुसतं, कुणी डोक्याला लावलेल्या तेलाचा हात फिरवतं, कुणी एकेक करत दहाही बोटं ठेवून बघतं. मी फक्त लिहून काढलं.

तुमच्यापर्यंत येण्याआधी ही कथा कुठं कुठं फिरली तेही सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय तुमचं मोल लोकांना कळायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका नावाजलेल्या साहित्यिकांकडं माझी वही कित्येक महिने पडून होती. "ठेवून जा, निवांत वाचतो," म्हणाले होते. पुढं एका कार्यक्रमात भेटले तेव्हा विचारलं, "तू कविता करतेस ना?" वही परत मिळाली ती जशीच्या तशी, मी घातलेल्या घडीसकट. दुसऱ्या एका ठिकाणी कथा लगेच पसंत पडली. फक्त प्रातिनिधिक संग्रहात यायचं असेल तर आधी प्रती विकत घ्यायच्या होत्या. तिसऱ्यानं छापली, पण त्याआधी सगळी बोली काढून घेतली, आणि माझी कापूस वेचणारी म्हातारी बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलायला लागली. या तिघांचाही राग आता फारसा उरला नाही. थोडा आहे. तो राहू द्या.

मग मतदान सुरू झालं आणि माणसं नव्यानं कळायला लागली. "ताई, टाकलं बरं का मत! एक नंबर गोष्ट!" मी विचारायचे, काय आवडलं? "ते आईवर लिहिलेलं. डोळ्यांत पाणीच आलं." माझ्या कथेत कुणाचीच आई नाही. नात्यातल्या एकानं घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून मतं टाकली आणि वर चहाची बाकी काढली. एका ग्रुपवाल्यानं तर फोन करून अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या आडनावावरून नीट कळंना. तुम्ही आपल्यातल्याच ना? म्हणजे समाजाच्या ग्रुपवर टाकायला बरं." मी म्हटलं, कथा वाचलीत का? तर म्हणे, "वाचू की, आधी मत तर होऊ द्या." काका, खोटं नाही सांगत, हसायला आलं. नंतर जेवण गेलं नाही.

आणखी एक सांगते, हे तुम्हालाही माहीत नाही. माझ्याच धंद्यातल्या एकानं सल्ला दिला होता. रोज एवढ्या लोकांचे ओटीपी तुझ्या हातातून जातात, त्यातच एक जास्तीचा मागून घे, कुणाला पत्ता लागतोय? पत्ता लागला नसताच. विम्याचा अर्ज भरायला आलेला माणूस मोबाइल काउंटरवर ठेवून देतो आणि म्हणतो, "बघा तुम्हीच, मला काही कळत नाही त्यातलं." त्याच्या फोनवरून माझ्या कथेला मत गेलं असतं, आणि कथा कुणाची, तर अंगठ्याच्या जागी फसलेल्या बाईची! मी त्या गृहस्थाला म्हटलं, तुमचं बरोबर आहे, पण मग मला कथा लिहिता यायची नाही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच येडी. असेन.

आणि मग तुम्ही आलात.

रब्बीच्या विम्याची गर्दी होती. सातबारा, आठ-अ, पासबुक, फार्मर आयडी, सगळे कागद पोटाशी धरून लोक उभे होते, आणि सर्व्हर येत-जात होता. तुम्ही रांगेत उभे आहात हे मला बऱ्याच वेळानं दिसलं. मी हाक मारली, या काका, पुढं या. तुम्ही हातानंच थांब म्हणालात. मला वाटलं तुमचाही हरभऱ्याचा विमा असेल. तुमचा नंबर आला तेव्हा तुम्ही पिशवीतून दिवाळी अंक काढलात, काउंटरवर ठेवलात आणि म्हणालात, "मी मत त्या दुसऱ्या पोराला दिलं बरं का. मुखेडकडच्या. पण तुझी दोनदा वाचली. खुणा केल्यात, बघ."

मुखेडच्या पोराला मत दिल्याचं ऐकून मला वाईट वाटलं का? वाटलं. घासभर. मग मी अंक उघडला.

माझ्या कथेच्या समासात पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके होते. अधोरेखित काही नाही, फुल्या नाहीत, ठिपके फक्त. आणि शेवटच्या पानावर खाली, तुमच्या त्या रजिस्टरवाल्या अक्षरात, कुठला ठिपका कशासाठी ते लिहिलेलं. "इथं मी थांबलो." "इथं घाई झाली." "हे वाक्य ठेवायचं, कुणी काढ म्हटलं तरी." "इथं म्हातारी बोलत नाही, तू बोलायलीस."

ते वाचताना मला अचानक आठवलं की पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून तुम्ही एका पोराला अख्ख्या वाचनालयासमोर झापलं होतं. पेन्सिलीची रेघ दिसली तर तुम्ही स्वतः खोडरबर घेऊन बसता. मग हा अंक? मी पहिलं पान उलटलं. वाचनालयाचा शिक्का नव्हता. दाखल नंबर नव्हता. तुम्ही हा अंक स्वतःच्या पैशानं विकत आणला होता, माझ्या कथेवर खुणा करता याव्यात म्हणून. वाचनालयाच्या प्रतीवर तुम्ही कधीच ठिपका पाडला नसता, आणि ठिपके पाडल्याशिवाय तुम्हाला माझ्याशी बोलता आलं नसतं. म्हणून दुसरी प्रत.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना दिवाळी अंकाची किंमत माहीत आहे आणि ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात कमी सरकारी अनुदानाच्या वाचनालयात काम करणाऱ्याच्या हातात महिन्याला काय पडतं हेही माहीत आहे, त्यांना मी वेगळं काही सांगत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी जवळच्या वाचनालयात जाऊन विचारावं. तेवढ्या निमित्तानं पायरी तरी चढणं होईल.

मला मिळालेली सगळी मतं एकीकडं ठेवली तरी त्या दुसऱ्या प्रतीएवढा आनंद त्यांनी दिला नाही. मत द्यायला कथा वाचावी लागत नाही हे मला त्या महिन्यात पक्कं कळलं होतं. तुम्ही वाचली. दोनदा वाचली, आणि आवडली तरी त्याहून चांगली दुसरी आहे असं वाटलं तेव्हा तिला मत दिलं. वर ते तोंडावर येऊन सांगितलं, रांगेत उभं राहून. मी मत मागितलं म्हणून मत दिलं असतं तर मी तुम्हाला चहा पाजला असता आणि विसरून गेले असते.

त्या दिवशी सर्व्हर जो गेला तो बराच वेळ आलाच नाही. तुम्ही मला ठिपके समजावून सांगायला लागलात आणि रांगेतली माणसं ऐकायला लागली. आठवतं? फेट्यातले एक आजोबा मधेच म्हणाले, "पण बाईचा अंगठा लागंना तर डोळ्याचं मशीन लावायचं की!" त्यांना कोण सांगणार की ही गोष्ट आहे. मागून एक बाई म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं, डोळाबी घेईना ते." मी तेव्हाच ते वहीत टिपून घेतलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बघ, तुझी पुढची कथा रांगेतच उभी आहे."

वाचनालयात मी शाळेत असल्यापासून येते. तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं की १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी गोष्ट ठेवायची चाल आपल्याकडं पडली. निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय चालवणं म्हणजे काय होतं, साधी सभा घ्यायची तरी परवानगी कशी काढावी लागायची, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. आणि २०१६ साली परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण फळ्यावर लावलं होतं, शेजारी खडूनं लिहिलं होतं, "कथासंग्रह. कादंबरी नाही. आपल्या जिल्ह्यातला." त्या फळ्यासमोर मी बराच वेळ उभी होते. तोवर माझी अशी समजूत होती की पुरस्कार वगैरे गोदावरीच्या फार पलीकडं कुठंतरी मिळतात.

पण तुम्ही मला कधी "तू लेखिका होणार" असं म्हटलं नाही. तसं म्हणणारे पुष्कळ भेटले. व्यासपीठावरून म्हणतात, शाल घालता घालता म्हणतात, आणि प्रमुख पाहुणे असले तर भाषण संपवून गाडीत बसताना म्हणतात. तुम्ही फक्त नवीन अंक आले की माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवायचात आणि उशीर झाला तर दंड लावायचात. दंडही सोडला नाही कधी.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडं मोठ्या मोठ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. माझ्या काउंटरवरून मला वेगळाच दिसतो. म्हातारीला खाली बसवून तिची जागा धरून ठेवणारा, स्वतःचा अर्ज राहिला तरी शेजाऱ्याचं पासबुक शोधून आणणारा, पावती मिळाल्यावर तीत दुसऱ्याचंच नाव आहे म्हणून उन्हात परत येणारा. यांच्यातल्या कुणाला कुणी आभारपत्र लिहीत नाही. मीही आजवर लिहिलं नव्हतं. आता लिहायला बसले तर त्या सगळ्यांची तोंडं डोळ्यांसमोर यायला लागलीत आणि पत्र भरकटायला लागलंय. असो.

निकाल तुम्हाला माहीतच आहे. मी जिंकले नाही. तुमचा मुखेडचा पोरगाही जिंकला नाही. जो जिंकला त्याचा क्लास आहे म्हणतात, बॅचेस मोठ्या आहेत. त्याची कथा मी वाचली. वाईट नाही. त्याच्या विद्यार्थ्यांनी ती वाचली असती तर त्यांनाही आवडली असती.

मुखेडच्या पोराची कथा मात्र मी तुमच्या सांगण्यावरून त्याच रात्री वाचली. बँडमधल्या क्लॅरनेटवाल्याचा पावसाळा. लग्नसराई संपल्यावर तो माणूस काय करतो, एवढंच आहे त्यात. वाचून झाल्यावर मी माझं मत त्याला दिलं. स्वतःच्या कथेला दिलं नव्हतं, ते मत शिल्लक होतं. मग स्पर्धावाल्यांकडून नंबर मिळवून त्याला फोन लावला. पोरगा आधी घाबरला. त्याला वाटलं मी मत मागायलेय. तुमचं सांगितलं तर गप्पच झाला, आणि मग म्हणाला, "म्हणजे मला न ओळखणाऱ्या एका माणसानं तरी मत दिलं म्हणायचं." मी म्हटलं, दोघांनी. आता आम्ही एकमेकांना कथा पाठवतो. तोही समासात ठिपके पाडतो, पण फारच पाडतो. तुम्ही जरा समजावून सांगा त्याला. पुढच्या महिन्यात तो गंगाखेडला येतोय, वाचनालय बघायला.

तुमच्या सगळ्या खुणांप्रमाणे कथा पुन्हा लिहिली आहे. घाई झाली होती तिथं थांबले आहे, आणि म्हातारीच्या तोंडचं माझं बोलणं काढून टाकलंय. मोतीबिंदूवाली बाईही घेतली आहे रांगेत. प्रत सोमवारी आणून देते.

फक्त तिसऱ्या पानावरचा तो ठिपका मी मानलेला नाही. म्हातारी मशीनवर चिडून बोलते ते तुम्हाला जास्त वाटलं. मला नाही वाटत. ती तेवढं बोलते काका, मी ऐकलंय. तुम्हाला पटत नसेल तर या एकदा सेंटरवर, दहा तारखेच्या आसपास, आणि स्वतः ऐका. रांगेत मात्र उभं राहू नका, मी खुर्ची काढून ठेवते.

तुमची,
वाचनालयाची सभासद
(या महिन्याची वर्गणी बाकी आहे, सोमवारी तीही आणते)