तापकीर गल्लीतल्या दादांना, धनकवडीहून

दादा,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, स्टुलावर बसून सोल्डरिंग करणारे तुम्ही काही एकटे नाही, त्यामुळे कोणाला पत्ता लागायचा नाही. तुम्हाला मात्र लगेच कळेल. रात्री दीड वाजता काळा रेनकोट घालून, हातात लाटणं घेऊन गल्लीत फेऱ्या मारायला लावलेली बाई तुमच्या आयुष्यात एकच असणार.

जुलैमध्ये आमच्या गल्लीतल्या ३ चारचाकी आणि ११ दुचाकी फोडल्या. पुण्यात आता अशा बातमीने कोणी फार दचकत नाही, पण आपल्याच अ‍ॅक्टिव्हाची सीट कोयत्याने उभी फाडलेली बघितली की पोटात गोळा येतो. आमच्या १६ फ्लॅटच्या सोसायटीचं पार्किंग म्हणजे समोरची गल्लीच. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मी सेक्रेटरी झाले, आणि त्याच हौसेने वर्षभरापूर्वी ऑनलाइन ४ सीसीटीव्ही कॅमेरे मागवले होते. खोक्यावर ‘नाइट व्हिजन’ लिहिलं होतं. मी तेवढंच वाचलं.

ते फुटेज चौकीत दाखवलं तेव्हा हवालदार म्हणाले, “ताई, ही पोरं आहेत का भुतं?” खरंच भुतंच होती. चेहऱ्यांच्या जागी लांबट पांढरे फराटे. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःच्या डोळ्यांनी काळे कपडे पाहिले होते आणि आमच्या पडद्यावर सगळे पांढऱ्या शर्टात. वहिनींना वाटलं मी त्यांना खोटं पाडतेय. दोन दिवस त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

मग स्वारगेटपर्यंत बस आणि पुढे पायी, अशी मी तुमच्याकडे आले, सगळ्यात महाग कॅमेरा घ्यायचा असं ठरवूनच. शेजारच्या दोन दुकानांत मला ८ मेगापिक्सेल काढून दाखवत होते. तुम्ही फक्त विचारलंत, “रात्री गल्लीत किती उजेड असतो?” मला सांगता येईना. तर म्हणालात, “मग आज रात्री येतो, बघून ठरवू.” आणि खरंच आलात! त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतलात.

त्या रात्री भुरभुर पाऊस होता. मला रेनकोट घालून चालायला लावलंत आणि मोबाइलवर आमच्याच जुन्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलंत. माझा काळा कुळकुळीत रेनकोट राखाडी-पांढरा दिसत होता! रात्री कॅमेरा जो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड सोडतो, त्यात रंग उरत नाही, आणि आपल्या डोळ्यांना काळं दिसणारं बरंच सिंथेटिक कापड तो उजेड परत फेकतं, हे तेव्हा कळलं. वहिनींना तिथल्या तिथे उठवून खाली बोलावलं. त्या गाऊनवर शाल घेऊन आल्या, पडदा बघितला आणि फक्त “हं” म्हणाल्या. आमचं भांडण मिटलं ते त्या “हं”वर. बाकी सगळं सोडा, एवढ्यासाठीसुद्धा मी तुमचे आभार मानले असते.

फराट्यांचं कारणही तुम्ही लाटण्यानेच समजावलंत. हळू फिरवलं तर लाटणं, जोरात फिरवलं तर धुकं. अंधारात उजेड गोळा करायला कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात माणूस पुढे सरकलेला असतो. आमचे कॅमेरे तर बाल्कनीच्या स्लॅबखाली चिकटवलेले. त्यांचा स्वतःचा इन्फ्रारेड स्लॅबवर आपटून परत येत होता, त्यात काचेपुढे कोळ्याचं जाळं ट्यूबलाइटसारखं चमकत होतं. तेव्हापासून दर रविवारी झाडू फिरवते.

मग टेप काढलीत. चेहरा ओळखू यायला हवा असेल तर एका मीटरच्या रुंदीला २५० पिक्सेल धरायचे. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० असतात, म्हणजे चित्रात साडेसात मीटरच्या आसपास रुंदी मावली पाहिजे, त्याहून जास्त नाही. माझे कॅमेरे २.८ एमएम लेन्सचे होते. १० मीटरवर ते १९ मीटर रुंद बघत होते. सगळी गल्ली दिसायची, कोणाचं तोंड दिसायचं नाही. ८ मेगापिक्सेल का नको, तेही तिथेच सांगितलंत. तेवढ्याच सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की एकेकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. दुकानदार असं सांगतो का कधी? बॅटरीवरचे वायरलेस कॅमेरे तर तुम्ही हातातही घेऊ दिले नाहीत. ते जागे होईपर्यंत दोन काचा फुटलेल्या असतात, म्हणालात.

शेवटी लागले फक्त ३ कॅमेरे. एक वरून सगळी गल्ली बघणारा, एक फाटकावर आणि एक ६ एमएम लेन्सचा, म्हणजे अरुंद बघणारा, जेमतेम ९ फूट उंचीवर, गल्लीच्या तोंडाकडे रोखलेला. शटर १/१०० सेकंदावर पक्कं केलंत आणि चित्र काळं पडू नये म्हणून पिवळसर एलईडी दिवे लावायला लावलेत. महापालिकेच्या खांबावरचा दिवा आहे, पण त्याच्यापुढे कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतोच. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यांचं फुकट गेलेलं बिल या सगळ्याच्या बिलापेक्षा मोठं होतं, हे मी अजून सभेत सांगितलेलं नाही.

तळमजल्यावरच्या आजींची खिडकी चित्रात येत होती. तुम्ही त्यावर काळी चौकट टाकलीत आणि आजींना पडदा दाखवून खात्री करून दिलीत. आजी अजूनही अधूनमधून वर येऊन चौकट आहे ना, बघून जातात.

दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले. एका स्कूटरवर तिघं, तोंडाला रुमाल, नंबर प्लेट वाकवलेली. गल्लीच्या तोंडाशी थांबून मागच्याने रुमाल खाली ओढला, कशासाठी तर पुडी तोंडात रिकामी करायला. बरोब्बर तुमच्या दिव्याखाली! दोन आरसे फुटले तेवढ्यात वॉचमनने शिट्टी मारली आणि ते पळाले. त्याच हवालदारांनी या वेळी फोटो बघितला आणि नुसतं “हा होय!” म्हणाले. पुढचं त्यांनी पाहिलं.

तेव्हा तुम्ही लावून दिलेल्या बारीकसारीक गोष्टी कामी आल्या. जुन्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ ११ मिनिटं मागे होतं, ते आता इंटरनेटवरून आपोआप जुळतं. ३ कॅमेऱ्यांचं मिळून दिवसाला ६५ जीबी होतं, हा हिशोब करून तुम्ही २ टीबीची डिस्क घातलीत, त्यामुळे महिनाभर मागचं सापडतं. आदल्या आठवड्यात कोणी टेहळणी करून गेलं का, तेही पोलिसांना बघता आलं. आणि फुटेजबरोबर प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५-ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, हे तुम्ही वहीत लिहून दिलेलं पान मी तसंच चौकीत नेलं. त्यातली हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) म्हणजे काय, हे मला विचारतील अशी भीती होती. विचारलं नाही, नशीब.

तुमची मोजायची टेप त्या रात्रीपासून आमच्या वॉचमनच्या खुर्चीखाली आहे. दोनदा निरोप पाठवला. येत्या शनिवारी मी मंडईत येणार आहे, तेव्हा घेऊन येते. वहिनींनी तुमच्यासाठी चकल्या दिल्यात, त्याही आणते.

तुमची,
रेनकोटवाली ताई