आधी मोज, मग दुकानात जा

रामबाग, इंदूर
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल आलं. तुझ्या यामाहा आरएक्स 100 मोटारसायकलचे मागचे शॉकअप गेलेत, कुठले टाकू, असं विचारलंयस. दुकानात जायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. मी न विचारता गेलो होतो आणि ते आईच्या कमरेला भोवलं.

बाबांची गाडी मी दिवाळीआधी बाहेर काढली. डाव्या शॉकअपच्या दांडीवरून तेल ओघळलेलं, त्यावर धुळीचा काळा थर बसलेला. सीट जोरात दाबून सोडली की मागची बाजू तीन-चारदा वरखाली व्हायची. खरं तर तिनं एकदा वर येऊन तिथंच थांबायला हवं. म्हणजे स्प्रिंगमध्ये जीव होता, पण तिला आवरणारं तेल संपलं होतं. पार्टवाल्यानं काउंटरवर एक चकचकीत जोड ठेवला, जाड तारेची स्प्रिंग, बाजूला गॅसची डबी. ‘भिया, डबल मजबूत है, खड्डा पता नहीं चलेगा.’ मजबूत ते चांगलं, असंच तेव्हा वाटत होतं. घेतला.

घरी बसवला आणि गाडी मेन स्टँडवर चढवली, तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं! जुना आणि नवा शॉकअप फरशीवर शेजारी ठेवून टेप लावली. नवा 20 मिमी लांब. साईड स्टँडवर गाडी इतकी कलायची की फाटकापाशी उभी करायची भीती वाटे. मागची बाजू उचलली गेली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो. त्यामुळे हँडल हलकं झालं, रिकाम्या रस्त्यावर वेग घेतला की पुढचं चाक अस्वस्थ वाटायचं. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, खाली झुकल्यामुळे चेनचा ताणही बदलला.

तरी मी तसाच आईला घेऊन ओंकारेश्वरला निघालो. माझं वजन 62 किलो, आईचं 48. सिमरोलच्या पुढे घाटात रस्त्याचा प्रत्येक सांधा सीटमधून वर येत होता. आई वाटेत एक शब्द बोलली नाही. बडवाहला चहासाठी थांबलो, तेव्हा ती सीटला दोन्ही हातांनी धरून, एक-एक पाय चाचपत उतरली. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की चहा गेला नाही. परत येताना तिला बसमध्ये बसवलं आणि गाडी एकटा घेऊन आलो.

नंतर शोधत बसलो आणि कारण कळलं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी माप सारखं ठेवून 7 मिमीच्या जागी 8 मिमीची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे 70 टक्के जास्त कडक होते. नजरेला तो एक मिलिमीटर जाणवतही नाही. आमच्या दोघांच्या वजनाला ती स्प्रिंग दबायलाच तयार नव्हती.

म्हणून तू आधी लांबी मोज. वरच्या डोळ्याच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीच्या, मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत, शॉकअप पूर्ण उघडा असताना. टोकापासून टोकापर्यंत मोजू नकोस, तिथंच गफलत होते. डोळ्यातल्या बुशचं (नळीचं) भोक आणि रुंदीही लिहून घे. पाच मिलिमीटरचा फरक चालेल, वीसचा नाही.

मग वजन. गाडी मेन स्टँडवर, चाक अधांतरी ठेवून मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोज. स्टँड काढ, तू नेहमीच्या कपड्यांत सीटवर बस, दुसऱ्या कुणाला तरी तेच अंतर मोजायला सांग. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसते ते. चाकाला वरखाली व्हायला 90 मिमी वाव असेल तर बसणं 25 ते 30 मिमी असावं. जेमतेम दहा बसली तर स्प्रिंग तुझ्यासाठी कडक. पन्नास बसली तर खड्ड्यात शेवटपर्यंत आपटणार. स्प्रिंगखालची खाचांची रिंग फिरवून हे थोडं जुळवता येतं, पण रिंगेनं स्प्रिंग कडक होत नाही, तिचा आधीचा दाब फक्त बदलतो. चुकीची स्प्रिंग रिंगेनं सुधारत नाही. आणि कुणी स्प्रिंग तापवून मऊ करून देतो म्हणाला तर गाडी त्याच्या हातात देऊ नकोस.

गॅसचे की तेलाचे? तेलात हवा मिसळून फेस झाला की दणका आवरणं ढिलं पडतं. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही, म्हणून खराब रस्त्यावर तासन्‌तास चालवणाऱ्याला गॅस उपयोगी. ऑफिस, बाजार आणि महिन्यातून एखादी सहल एवढ्यासाठी मी साधे तेलाचेच घेईन. तुझ्याच छत्रपती संभाजीनगरात एन्ड्युरन्स या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे, गॅब्रिएल इंडिया तर 1961 पासूनची कंपनी आहे. नाव बघून घे, पण डबीच्या रंगावर जाऊ नकोस.

साधे तेलाचे आणलेस तर बसवण्याआधी उभे धरून दांडी पाच-सहादा पूर्ण दाब-सोड कर. दुकानात आडवे पडून तेलाच्या जागी हवा शिरलेली असते. पहिल्या दोन वेळा दांडी मध्येच पोकळ जाते, मग सगळीकडे सारखा जोर लागतो, हाताला स्पष्ट कळतं. दोन्ही एकदम काढू नकोस. एक काढ, नवा घाल, मग दुसऱ्याला पाना लाव. शेवटी चेन पुन्हा ताणून बघ.

मी तो जोड काढून जुन्याच लांबीचा, बेताच्या स्प्रिंगचा जोड घातलाय. एकटा असलो की रिंग दुसऱ्या खाचेत, आई असली की चौथ्या. गेल्या रविवारी तिला मागे बसवून राजवाड्यापर्यंत नेलं. उतरताना तिनं फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला, सीट धरली नाही.

दोन्ही मापं मला कळव, त्याआधी पैसे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझाच