ड्रॉइंगच्या सरांना, आमच्या चर्चच्या संडे स्कूलकडून

सर, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता लिहूनच टाकते, चार लोकांनी वाचलं तरी चांगलंच आहे, नागपुरात मुलांसाठी असं काम कोणी करतंय हे कळू दे न.

बायबलमधली योसेफाची गोष्ट मी दरवर्षी शिकवते, बाप याकोबाने बारा मुलांपैकी लाडक्या योसेफालाच दिलेला पायघोळ झगा, भाऊ आपल्यापुढे वाकतील अशी त्याची स्वप्नं, भावांनी त्याला टाकलं तो खड्डा, मग मिसर म्हणजे इजिप्त, सगळं मुलांना तोंडपाठ. पण भावांना एवढा राग काहून आला विचारलं की "ते वाईट होते" एवढंच उत्तर. तुम्ही आलात आणि म्हणालात, मॅडम, गोष्ट नंतर, आधी नुसतं बघू द्या. आणि वेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्राची ती मोठी प्रिंट भिंतीला लावली, 1630 मध्ये रोममध्ये काढलेलं, योसेफाला जनावराने खाल्लं असं भासवायला भाऊ रक्ताने माखलेला झगा म्हाताऱ्या याकोबाला दाखवताहेत ते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पोट्टे मात्र सुरू झाले! तो पाठमोरा कोण आहे, बाबा हात पसरून काहून ओरडतात, आणि मग सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, कुत्रा त्यांच्यावरच भुंकून राहिला, त्याले माहीत आहे ते खोटं बोलतात म्हणून. मला अंगावर काटा आला सर. रक्त बोकडाचं आहे हे त्याला अजून मी सांगितलंच नव्हतं.

डच चित्रकार रेम्ब्राँटचं 1638 चं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, तर मी आधी पाहिलंच नव्हतं. मूळ चित्र जेमतेम 11 सेंटिमीटर उंच असं तुम्ही सांगितलंत, आणि तेवढ्याच आकाराच्या कॉप्या काढून आणल्या, सोबत भिंगं. योसेफ मधोमध उभा राहून स्वप्न सांगतोय आणि आजूबाजूला तोंडंच तोंडं. एकेका पोराला एकेक चेहरा दिला, याच्या मनात काय चाललंय ते सांग म्हणून. त्या दिवशी मला कळलं की हेवा ही मुलांना समजवायची गोष्ट नाही, ती त्यांना आधीच माहीत असते, फक्त बोलायला जागा पाहिजे असते. मग मी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 37 वा अध्याय वाचला, खड्ड्यात टाकल्यावर भाऊ जेवायला बसले ही ओळ आली तर वर्गात एकदम शांतता, मग एकजण म्हणे, जेवण गेलं कसं यांना? नंतर 20 चांदीच्या नाण्यांना भाऊ विकला यापेक्षा त्या जेवणाचाच पोरांना जास्त राग आला.

आणि ती मुलगी, जिच्या घरी नवीन सायकल फक्त भावाला आली, ती रडकुंडीला आली तेव्हा मी लगेच समजावायला निघाले होते, तुम्ही हातानेच थांबवलंत आणि तिच्यापुढे कागद सरकवला. तिने याकोब काढला आणि त्याच्या हातात बारा झगे, प्रत्येकाचा रंग वेगळा. तिच्या आईने घ्यायला आल्यावर ते चित्र बराच वेळ पाहिलं. मला वाटतं या गोष्टीत बापाची चूकही आहे आणि ती आम्ही शिकवणारे दाबून टाकतो, भावांनाच तेवढं झोडपतो. मुलांनी ती स्वतः पकडली, तुमच्यामुळे.

प्रिंटचे पैसे तुम्ही घेत नाही, रिक्षाचेही नाही, मे महिन्याच्या उन्हात सुद्धा आलात. देव तुमचं भलं करो, तुमच्या हातांना बळ देवो.

आता 45 वा अध्याय राहिलाय, योसेफ भावांना ओळख देतो तो. मुलं विचारून राहिली, सर कोणतं चित्र आणणार. या रविवारी सकाळी साडेनऊला माझा मुलगा गाडी घेऊन तुम्हाला घ्यायला येईल, रिक्षा करू नका, आणि नाश्ता आमच्याकडेच.